शेजारधर्माचें कलम

ग्रंथपरीक्षण म्हटलें कीं कादंबरी, नाटक, काव्य, फार तर एखादें चरित्र आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारें मुंबई, ठाणें, पुणें, नाशिक, नागपूर येथील मध्यमवर्गीय कुटुंबें आज एका छपराखालीं नांदत आहेत, ज्याची एखादी प्रत बहुतेक सोसायट्यांच्या ऑफिसांतील कपाटांत पडून असते, आणि भांडण जुंपल्यावांचून जो कोणी उघडून पाहत नाहीं, त्या ग्रंथाकडे टीकाकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. हा ग्रंथ म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधि. महाराष्ट्राच्या सहकार खात्यानें २०१४ सालीं ते नव्यानें प्रसृत केले, आणि थोड्याफार फरकानें तेच अनेक सोसायट्यांनीं स्वीकारले आहेत. त्यांतील सर्वच कलमांचा परामर्श घेण्याचा आमचा विचार नाहीं. ज्या एका प्रश्नानें पुष्कळ घरांची झोप उडविली आहे तो शेजाऱ्यांच्या आवाजाचा प्रश्न हा ग्रंथ कसा सोडवितो, आणि त्याच्या जोडीस असलेले केंद्र सरकारचे नियम व न्यायालयांचे निकाल त्यांत कितपत भर घालतात, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

कायद्याच्या पुस्तकावर वाङ्मयविषयक मासिकांत टीका कसली, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, माणसामाणसांमधील नातें ज्या लिखाणांत रेखाटलेलें असतें तें सर्व लिखाण टीकेस पात्र आहे. उपविधींतही एक मनुष्यचित्र असतें. अमुक प्रसंगीं मनुष्य असा वागेल, असा दुखावला जाईल, अशा उपायानें शांत होईल, अशी कांहीं कल्पना मनांत धरूनच कलम लिहिलें जातें. तें चित्र खरें उतरलें आहे कीं नाहीं हा प्रश्न कादंबरीकारास जसा विचारावा तसाच तो उपविधिकारासही विचारला पाहिजे. किंबहुना अधिक कडकपणें विचारला पाहिजे, कारण कादंबरी फसली तर वाचक ती मिटून ठेवतो, उपविधि फसला तर त्याला त्याच घरांत राहावें लागतें.

सहकारी घरांची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. १९१५ सालीं मुंबईंत गांवदेवी भागांत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे या चळवळीचे एक अग्रणी होते. एकट्याच्या ऐपतीबाहेरचें घर दहा जणांनीं एकत्र येऊन उभारावें, हा त्यामागील हेतु उदात्त होता व तो पुष्कळ अंशीं सफळही झाला. पुढें १९२५ सालीं मुंबई इलाख्यापुरता आणि १९६० सालीं महाराष्ट्रापुरता सहकारी संस्थांचा स्वतंत्र कायदा झाला. परंतु या सर्व लिखाणाचा पिंड पैशाच्या व्यवहाराचा आहे. भाग, वर्गणी, हिशेब, तपासणी, निवडणूक यांविषयीं तें जागरूक आहे. भिंतीपलीकडच्या माणसाविषयीं मात्र तें त्रोटक बोलतें. एकत्र येऊन घर कसें बांधावें हें आपण शिकलों. बांधलेल्या घरांत एकमेकांशेजारीं कसें राहावें याचा धडा लिहावयाचा राहिला.

याचें एक कारण असें कीं, त्या धड्याची गरज पूर्वीं तितकी भासली नसावी. चाळीच्या गॅलरींत दारें उघडीं असत. पलीकडच्या खोलींत मूल रडलें तर तें कोणाचें, कां रडतें, आणि त्याचा ताप उतरला कीं नाहीं, हें ऐकणाऱ्यास ठाऊक असे. १९५८ सालीं पुस्तकरूपानें आलेली 'बटाट्याची चाळ' वाचतांना शेजाऱ्यांच्या गलबल्याचें हसूं येतें, चीड येत नाहीं, याचें रहस्य आमच्या मतें हेंच आहे. तेथें प्रत्येक आवाजाला चेहरा आहे. चाळींत शांतता होती असें आम्ही म्हणत नाहीं. रोग्यास आणि परीक्षेच्या विद्यार्थ्यास तेथें किती सोसावें लागलें असेल याची कल्पना करणें अवघड नाहीं. परंतु आवाज करणारा व ऐकणारा यांची ओळख असे, एवढें खरें. ब्लॉकांत दार बंद झालें आणि आवाजाचा चेहरा गेला. वर कोण राहतें हें लिफ्टमधील ओझरत्या भेटीपलीकडे ठाऊक नसतें, पण त्यांच्या घरीं रात्रीं साडेअकरा वाजतां खुर्ची ओढली जाते हें मात्र पक्कें ठाऊक असतें. चेहरा नसलेल्या आवाजाला ऐकणारा आपल्या मनानें चेहरा देतो. आणि झोपमोड झालेल्या माणसाच्या मनांतून उतरलेला चेहरा सहसा सभ्य माणसाचा नसतो.

आतां उपविधींतील मूळ कलमाकडे वळूं. सदस्यानें आपल्या सदनिकेंत इतरांस उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असें कांहीं करूं नये व करूं देऊं नये, आणि असे प्रकार समितीनें स्वतः होऊन अथवा तक्रार आल्यावर बंद करावेत, असा त्याचा आशय आहे. प्रथम त्याचे गुण सांगितले पाहिजेत. 'करूं देऊं नये' हे शब्द मोलाचे आहेत, कारण आवाज भाडेकरूनें केला, आपण तर दुसऱ्या गांवीं असतों, असें म्हणून घरमालकास त्यांतून अंग काढून घेतां येत नाहीं. समितीनें स्वतः होऊन लक्ष घालावें हीही अपेक्षा योग्य आहे. प्रत्येक वेळीं एका माणसानें तक्रारदार होऊन पुढें यावें, ही सक्ती त्यामुळें टळूं शकते.

परंतु दोषही तितकेच ठळक आहेत. पहिला दोष असा कीं, उपद्रव, त्रास आणि गैरसोय हे तीन शब्द एका ओळींत बसविल्यामुळें त्यांतील अंतर नाहींसें झालें आहे. संध्याकाळीं सहा वाजतां घरभर धांवणारें चार वर्षांचें मूल, सकाळीं चटणीसाठीं फिरणारा मिक्सर, दुपारीं तबल्याचा रियाज करणारी मुलगी, ऐकूं कमी येतें म्हणून दूरचित्रवाणीचा आवाज वाढविणारे आजोबा, आणि मध्यरात्रीं ड्रिल चालविणारा ठेकेदार, हीं सर्व एकाच कलमाखालीं येतात. ज्या कलमांत सर्वच बसतें त्यांत हवें त्याला बसवितां येतें. आणि बसविला जातो तो बहुधा दुबळा. भाड्यानें राहणारे चार अविवाहित नोकरदार तरुण, लहान मुलांचें नवें बिऱ्हाड, ज्यांचें खाणेंपिणें किंवा सणवार शेजाऱ्यांच्या पसंतीचे नाहींत असें कुटुंब, यांच्याविषयींची अढी पुष्कळदां आवाजाच्या तक्रारीचा पोषाख घालून येते. भाडेकरू फार तर नाममात्र सदस्य असतो, त्यास सभेंत मत नसतें. त्याच्या घरचा हशा हा उपद्रव ठरतो, आणि समितीच्या पदाधिकाऱ्याच्या घरचें महिनाभर चाललेलें फरशीकाम ही अडचण समजून घेण्याची गोष्ट ठरते. 'आपला तो बाब्या' ही म्हण घरापुरती होती; सोसायटींत ती कारभाराची रीत होऊन बसते.

दुसरा दोष वेळेचा. तक्रार लेखी द्यावी, समितीनें पुढील सभेंत तिचा निर्णय करावा, व त्यानंतर पंधरा दिवसांच्या आंत तो अर्जदारास कळवावा, असा क्रम उपविधींत सांगितला आहे. समितीची सभा महिन्यांतून निदान एकदां व्हावी अशी अपेक्षा असते. म्हणजे कमनशिबी अर्जदाराची तक्रार सभेच्या दुसऱ्या दिवशीं पोंचली तर त्यास उत्तर मिळावयास दीड महिना लागूं शकतो. पाण्याच्या गळतीस हा अवधि एक वेळ चालेल. तान्ह्या बाळाच्या झोपेस, शस्त्रक्रिया होऊन घरीं आलेल्या माणसाच्या विश्रांतीस, किंवा आठवड्यावर आलेल्या परीक्षेस तो कसा चालावा? निर्णयपत्र येईतों बाळ त्या महिन्यांतून बाहेर पडलेलें असतें, परीक्षा होऊन गेलेली असते, आणि उरतें तें केवळ वैर. या ग्रंथानें आवाजास जणूं भिंतींतील ओल समजून वागविलें आहे. आवाज हा घडतो आणि विरतो; तो कागदाची वाट पाहत नाहीं.

तिसरा दोष सर्वांत मोठा. उत्तर न मिळाल्यास किंवा न पटल्यास पुढें कोठें जावें याची वाट उपविधींनीं प्रश्नांच्या प्रकारांनुसार आखून दिली आहे: निबंधक, सहकार न्यायालय, दिवाणी न्यायालय, महानगरपालिका, पोलीस, सर्वसाधारण सभा, जिल्ह्याचा किंवा राज्याचा संघ. पोलिसांकडील प्रश्नांत उपद्रवाचाही उल्लेख आहे. वरची वाट इतकी तपशीलवार आहे, पण या सर्व वाटांच्या आधींची पायरी, म्हणजे जिना उतरून वा चढून शेजाऱ्याचें दार ठोठावणें, या क्रमांत कोठेंच नाहीं. या ग्रंथांत सदस्य आहे, सदनिका आहे, समिति आहे, संस्था आहे. शेजारी हें पात्र मात्र रंगभूमीवर येतच नाहीं. एक सदस्य संस्थेस पत्र लिहितो, संस्था दुसऱ्या सदस्यास पत्र लिहिते, आणि मधल्या पांच इंचांच्या स्लॅबच्या दोन बाजूंस राहणारीं दोन कुटुंबें एकमेकांशीं एक शब्द न बोलतां परस्परांचीं प्रतिपक्षी होतात. हें मनुष्यचित्र खोटें आहे असें आमचें म्हणणें आहे.

केंद्र सरकारचे २००० सालचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम हा या विषयावरील दुसरा महत्त्वाचा लेख. त्याची शैली अगदीं निराळी. उपविधींत जेथें मोघम शब्द आहेत तेथें या नियमांत आंकडे आहेत. निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहापासून सकाळीं सहापर्यंत. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांभोंवतीं जाहीर केलेल्या शांतताक्षेत्रांत हीच मर्यादा ५० व ४०. खाजगी जागेंत लावलेल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर ठरीव मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षां अधिक असूं नये. मर्यादेहून १० डेसिबल किंवा अधिक आवाज झाल्यास, अथवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यास, नागरिकास तक्रार करतां येते. आंकड्यांचा एक मोठा गुण असा कीं ते कोणाचें तोंड पाहत नाहींत. अविवाहितांच्या घरचे ६० आणि अध्यक्षांच्या घरचे ६० यांत भेद करण्याची सोय यंत्रास नसते.

तथापि या आंकड्यांची जात ओळखून घेतली पाहिजे. ते कांहीं काळाच्या सरासरीचे आंकडे आहेत आणि परिसराच्या आवाजासाठीं योजलेले आहेत. ध्वनिक्षेपकाचा अखंड गोंगाट सरासरींत सांपडतो. रात्रीं बारा वाजतां एकदां दाणकन् आपटलेलें दार, तासाभरानें ओढलेला पलंग, हे सरासरींत विरघळून जातात. झोप मात्र सरासरीनें मोडत नाहीं, ती त्या एका दणक्यानें मोडते. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहासाठीं दोन आंकडे आहेत, एक सरासरीचा, ३० डेसिबल, आणि दुसरा एकेका आवाजाच्या कमाल पातळीचा, ४५ डेसिबल. आमच्या नियमांच्या कोष्टकांत या दुसऱ्या आंकड्यास स्थान नाहीं.

शिवाय वरच्या मजल्यावरची खुर्ची खालच्यास हवेंतून ऐकूं येते असें नाहीं. तिचा धक्का लादींतून व काँक्रीटमधून थेट खालीं उतरतो. वर बसलेल्यास तो आवाज किरकोळ वाटतो, कारण त्याच्या दृष्टीनें ती नुसती सरकलेली खुर्ची असते. खालच्याच्या मात्र डोक्यावर छत घुमतें. आपल्या पायांखालची लादी हें दुसऱ्याचें छत आहे, ही साधी गोष्ट सांगितल्यावांचून सुचत नाहीं. आणि उपाय पाहावा तर खुर्च्यांच्या पायांस रबरी टोप्या, मुलांच्या खेळण्याच्या जागीं जाडशी सतरंजी, भिंतीला टेकलेल्या मिक्सरखालीं रबराची चकती. ज्या गोष्टीचा उपाय इतका स्वस्त आहे तिच्यासाठीं निबंधकाची पायरी चढावी लागते, याचें कारण इतकेंच कीं ती कोणी कोणास सांगितलेलीच नसते.

तिसरें लिखाण न्यायालयांचें. १८ जुलै २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ध्वनिप्रदूषणाविषयीं दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. एका बालिकेवर अत्याचार झाला आणि जवळपास मोठ्यानें चाललेल्या संगीतांत तिचा आक्रोश कोणास ऐकूं गेला नाहीं, या भयंकर घटनेचा उल्लेख त्या प्रकरणाच्या मुळाशीं आहे. बोलण्याच्या स्वातंत्र्यांत दुसऱ्यास बळेंच ऐकविण्याचा हक्क येत नाहीं, आणि स्वतःच्या जागेंतसुद्धां, बाहेर जाऊन शेजाऱ्यास उपद्रव होईल असा आवाज करण्याचा अधिकार कोणी सांगूं शकत नाहीं, हें त्यांतील प्रतिपादन आमच्या मतें निर्विवाद आहे. 'माझें घर, माझी मर्जी' या उद्गाराचें इतकें स्पष्ट खंडन अन्यत्र क्वचितच आढळेल.

पुढें जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें कुर्ला भागांतील रहिवाशांच्या याचिकेवर ध्वनिक्षेपकांसंबंधीं निर्णय देतांना तक्रारदाराची ओळख गुप्त राखण्यावर भर दिला. तक्रार करणारा द्वेषाचा धनी होतो हें न्यायालयानें ओळखलें, ही मोठी गोष्ट आहे. पण हा उपाय प्रार्थनास्थळाच्या किंवा मांडवाच्या ध्वनिक्षेपकास जितका लागू पडतो तितका घरगुती आवाजास पडत नाहीं. सहाव्या मजल्यावरील खुर्चीची तक्रार पांचव्या मजल्यावरूनच येणार, हें सांगावयास पोलीस लागत नाहींत. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांमध्यें निनांवीपणा टिकत नाहीं. टिकते ती फक्त शंका.

तात्पर्य, उपविधि शिष्टाचार सांगतात पण उशिरा. नियम आंकडे सांगतात पण घराबाहेरचे. न्यायालय तत्त्व सांगतें पण दुरून. तिघांचेंही काम आवश्यक आहे. मात्र आवाजाचा त्रास म्हणजे नेमकें काय होतें, हें तिघांपैकीं कोणीच पुरतें विचारलेलें नाहीं. त्याचें उत्तर आम्हांस एका अनपेक्षित ठिकाणीं सांपडतें. डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं नागरी जीवनांतील ताणासंबंधींचे आपले प्रयोग १९७२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. त्यांनीं कांहीं लोकांस कर्कश आवाज ऐकविले. एका गटाजवळ एक बटन दिलें. तें दाबल्यास आवाज थांबेल, परंतु शक्यतों दाबूं नये, असें सांगितलें. बहुतेकांनीं तें दाबलें नाहीं. म्हणजे आवाज दोन्ही गटांनीं सारखाच ऐकला. तरीही नंतर दिलेल्या कामांत, कोडीं सोडवितांना धीर धरण्यांत व मुद्रितांतील चुका शोधण्यांत, बटन जवळ असलेल्यांची कामगिरी दुसऱ्यांहून सरस ठरली. तसेंच ज्यांस आवाज ठराविक अंतरानें ऐकविला त्यांस तो केव्हांही अवचित ऐकणाऱ्यांपेक्षां कमी बाधला.

या प्रयोगांत आमच्या प्रश्नाचें मर्म आहे. मनुष्यास आवाज जितका छळतो त्याहून अधिक तो केव्हां होईल व केव्हां थांबेल हें ठाऊक नसणें, आणि थांबविण्याचा कांहींच उपाय आपल्या हातीं नसणें, हें छळतें. सोसायटींत तें बटन कोणतें? शेजाऱ्याचें दार. तें ठोठावलें तर आपलें म्हणणें ऐकलें जाईल, एवढा भरंवसा ज्यास आहे तो पुष्कळ वेळां तें ठोठावीतही नाहीं. कूस बदलून झोपी जातो. ज्यास तो भरंवसा नाहीं त्यास मंद आवाजही डोक्यांत घण घातल्यासारखा लागतो. म्हणून जो नियम तें दार उघडें ठेवतो तो खरा ध्वनिनियम, आणि जो पहिल्याच दिवशीं तेथें कागद चिकटवून तें बंद करतो तो आवाज कमी करूनही त्रास वाढवितो.

या दृष्टीनें, उपविधींतील उणीव भरून काढणारें कलम कसें असावें हें सुचविणें टीकाकाराच्या अधिकारांत येतें असें आम्ही समजतों. त्यांत पहिली गोष्ट पूर्वसूचनेची. फरशी, भिंती, नळ यांचें काम काढणाऱ्यानें दोन दिवस आधीं वरच्या, खालच्या व लगतच्या घरीं स्वतः जाऊन काम किती दिवस व कोणत्या वेळांत चालेल हें सांगावें; दुपारीं विश्रांतीचे दोन तास आणि संध्याकाळनंतर तोडफोड बंद असावी. अनेक सोसायट्या असे तास ठरवितात. पण फळ्यावर नोटीस लावणें आणि दारांत उभें राहून सांगणें यांत फार अंतर आहे. ज्याच्या घरीं आजारी माणूस आहे तो त्या वेळीं तसें सांगूं शकतो, फळ्यास सांगूं शकत नाहीं.

दुसरी गोष्ट बोलण्याची, आणि तिच्या रीतीची. मध्यरात्रीं संतापाच्या भरांत जाऊं नये. दुसऱ्या दिवशीं, दोघांच्या सोयीच्या वेळीं जावें. आवाज कोणता आणि केव्हां होतो एवढेंच सांगावें. 'तुम्हां लोकांना' या शब्दांनीं वाक्याचा आरंभ करूं नये. 'काका, रात्रीं अकरानंतर पलंग सरकवल्याचा आवाज खालीं फार येतो, आईची झोप मोडते,' या वाक्यास उत्तर देतां येतें. 'तुम्हांला कांहीं रीतभात आहे कीं नाहीं,' या वाक्यास फक्त भांडण देतां येतें. आणि सोसायटीच्या व्हाट्सॲप समूहावर तर ही गोष्ट मुळींच नेऊं नये. चारचौघांत मान खालीं घालावी लागलेला मनुष्य क्वचितच सुधारतो. तो बहुधा आपला आवाज हाच आपला हक्क समजूं लागतो.

तिसरी गोष्ट मध्यस्थांची. दोघांचें जमलें नाहीं तर समितीवर नसलेले, उभय पक्षांस मान्य असे दोन वडीलधारे रहिवासी आठवड्याच्या आंत दोन्ही घरीं बसून ऐकतील, आणि शक्य असेल तर तो आवाज खालच्या घरांत बसून प्रत्यक्ष ऐकतील, अशी योजना असावी. भाडेकरू आणि मालक यांस या बाबतींत एकच न्याय असावा, कारण झोप मताधिकारावर अवलंबून नसते.

चौथी गोष्ट बोचणारी आहे, पण तिच्यावांचून बाकीच्या तीन व्यर्थ होत. सोसायटीनें प्रथम स्वतःचा आवाज आवरला पाहिजे. राज्य सरकार वर्षांतून १५ पेक्षां अधिक नाहींत इतके दिवस, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठीं, रात्रीं बारापर्यंत ध्वनिक्षेपकाची सवलत देऊं शकतें. पण सवलत म्हणजे कर्तव्य नव्हे, आणि त्या दिवशींही आवाजाची मर्यादा उठत नाहीं. गणेशोत्सवांत, नवरात्रांत, वर्षअखेरीच्या रात्रीं समितीच्याच परवानगीनें आवारांत भिंती हादरविणारे स्पीकर लागतात, आणि तीच समिति जानेवारींत एखाद्या घरच्या पेटीच्या सुरांवर कारणें दाखवा म्हणून पत्र धाडते. कुंपणानेंच शेत खाल्ल्यावर राखण कोणी करावी?

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, व तो सयुक्तिक आहे. सर्वच शेजारी बोलण्यानें समजणारे नसतात. कांहीं उद्दाम असतात, कांहीं नशेंत असतात. एकट्या राहणाऱ्या स्त्रीनें अथवा वृद्धानें रात्रीं एक वाजतां गोंधळ चाललेल्या घराचें दार ठोठवावें अशी अपेक्षा करणें निर्दयपणाचें होईल. आम्हांसही तें अभिप्रेत नाहीं. बोलण्याची पायरी खुली असावी, सक्तीची नसावी. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक चालू असेल तर ११२ क्रमांकावर पोलिसांस कळविणें हा सरळ मार्ग आहे. तेथें उपविधींच्या सभेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. नित्याच्या त्रासाची तारीख, वार, वेळ यांची टिपणवही ठेवावी, अर्ज लेखी द्यावा व त्याची पोंच घ्यावी. पुढें प्रकरण कोणाहीकडे गेलें तरी दहा संतप्त विशेषणांपेक्षां दहा तारखा अधिक उपयोगीं पडतात. बोलून जो ऐकत नाहीं त्याच्याविरुद्ध कायद्याचा कडकपणा शोभतो. बोलण्याची संधीच ज्यास मिळाली नाहीं त्याच्याविरुद्ध तो शोभत नाहीं, एवढाच आमचा मुद्दा आहे.

तक्रार करणाऱ्याच्या बाजूसही एक जबाबदारी आहे. शांतता म्हणजे शेजारीं कोणी राहतच नाहीं असा भास होणें, अशी एक नवी कल्पना बंद दारांच्या घरांतून रुजूं लागली आहे. मूल रांगेल, पडेल, धांवेल. पाहुणे येतील, हसतील. कोणाच्या घरीं लग्न असेल, कोणाच्या घरीं रडणें असेल. हे राहण्याचे आवाज आहेत, आणि ते पुसून टाकण्याचा आग्रह धरणारा मनुष्य दुसऱ्यास आपल्या घरांत परक्यासारखें वागावयास लावतो. ज्या आईस दिवसभर मुलाच्या पावलांवर 'हळू, खालचे ओरडतील' म्हणून पहारा करावा लागतो तिचेंही घर हिरावलेलेंच आहे. राहण्याचा आवाज सोसावा, बेपर्वाईचा आवाज सांगावा, आणि माजाचा आवाज कायद्याकडे न्यावा, हा तारतम्यभाव कोणताही आंकडा शिकवूं शकणार नाहीं. पण चांगलें लिहिलेलें कलम त्यास जागा ठेवूं शकेल.

आदर्श उपविधि हा नमुना आहे, शिलालेख नव्हे. सर्वसाधारण सभेस आपल्या सोसायटीपुरते नियम ठरवितां येतात, आणि उपविधींतच दुरुस्ती करावयाची तर योग्य बहुमतानें ठराव करून तो निबंधकांकडे नोंदणीस पाठवितां येतो. वार्षिक सभा बहुतेक ठिकाणीं ३० सप्टेंबरच्या आंत होते, आणि मेंटेनन्स व पार्किंग यांच्या वादांत संपून जाते. त्या सभेंत अर्धा तास काढून, शेजारी या शब्दास सोसायटीच्या दफ्तरांत प्रथमच जागा देणारें एक कलम कोणी वाचून दाखवावें. तें मंजूर होईल किंवा नाहीं. पण वाचतांना खालच्या आणि वरच्या मजल्यावरचीं माणसें एका सतरंजीवर बसलेलीं असतील, आणि त्यांतील कित्येक एकमेकांचीं नांवें त्या दिवशीं पहिल्यानें विचारतील. आमच्या मतें अर्धें काम तेवढ्यानें होण्यासारखें आहे.